अगं नावाची फाईल

माझ्या हातून अप्पांची हाक पुसली गेली. फोन पडून फुटला नाही, व्हायरस आला नाही, कुणी चोरलं नाही. दिवसाढवळ्या, शेजारी चहाचा कप ठेवून, मी स्वतः कीबोर्डवर एक ओळ टाईप केली आणि एंटर मारलं. ज्या कामाचा मला पगार मिळतो तेच काम मी घरच्यासाठी करत होते, आणि तेच चुकलं. परक्याच्या हातून झालं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता कुणाला बोलू?

अप्पा म्हणजे माझे वडील. मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ज्वारीच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी भाव उच्चारला की पलीकडच्या गाळ्यातला हमालसुद्धा मान वर करायचा. मोंढ्यातला तो आवाज ते तसाच घरी घेऊन यायचे. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडं आज कोणती भाजी आहे ते आम्हाला वासाच्या आधी अप्पांमुळं कळतं. आवाजाइतकाच पक्का तंबाखू. त्याच्यावरनं आईनं किती वेळा अबोला धरला असेल ते तिचं तिला माहीत. शेवटी घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी ऑपरेशनच्या आधी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की आहे तोवर आवाज भरून ठेवा. भाषण नको, घरात रोज जे बोलतात तेवढंच. हाका, होकार, नकार. शिव्या देत असतील तर त्याही ठेवा, नंतर त्यांचीच आठवण जास्त येते. हे त्या हसत म्हणाल्या, पण मला काही हसू आलं नाही.

मग एका सकाळी मी आईवडिलांच्या सिडकोतल्या घरी गेले. पंखा बंद केला, खिडकी लावली आणि फोन अप्पांसमोर उशीवर ठेवला. आवाज बसलेलाच होता तेव्हा, खरखर होती. पण होता त्यांचाच. त्यांना तो सगळा प्रकार मुळीच पटला नाही.

"म्हंजे मी चाललोच असं धरलं का तुम्ही?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही नाही, आवाज चाललाय. बोला आता, पंखा बंद आहे, मला घाम येतोय."

आमच्या घरात प्रेम असंच बोलतात, वसकन. अप्पा मग बोलायला लागले. चहा टाक. कोण आलंय. बंद करा तो टीव्ही. नाय म्हंजे नाय. भूक नाय मला. प्रत्येक वाक्याची एक वेगळी फाईल मी केली आणि जे वाक्य तेच फाईलला नाव दिलं, मराठीतच, म्हणजे पुढं शोधायला सोपं. माझ्यासाठी ते म्हणाले, "आली का माय." आमच्याकडं बाप लेकीला माय म्हणतो. मी एवढी घोडी झाले, वाळूजच्या कंपनीत चार पोरं माझ्या हाताखाली काम करतात, तरी दारात पाऊल टाकलं की मी माय. धाकट्या भावासाठी त्यांनी नुसतं "अरे" म्हटलं. त्याला तेवढंच पुरतं.

राहिली आई. आणि तिथं गाडी अडली.

आईचं नाव अप्पांनी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बँकेत फॉर्म भरताना नावाची जागा आली की ते पेन तिच्याकडं सरकवायचे. डॉक्टरांनी पेशंटच्या बायकोचं नाव विचारलं तर माझ्याकडं बघायचे. आईला नावानं बोलावणारं कुणी आलंच तर ते माहेरचं, नाहीतर सरकारी. घरात ती 'अगं'. आता अगं काय, गल्लीतला प्रत्येक नवरा म्हणतो. पण गेटातून अप्पांचा अगं आला की उठायची फक्त आमची आई. बाकीच्यांचे अगं तिच्या कानावरून जायचे. आणि अप्पांच्या एका अगंचे तरी किती प्रकार. पाणी पाहिजे असलं की एक, पाहुणे आलेत असं सांगायचं असलं की दुसरा, चिडले की तिसरा, आणि मोंढ्यात चांगला दिवस गेला असला की शेवटचा गं जरा लांबलेला. आई आतूनच ओळखायची आणि त्या हिशेबानं हातात काहीतरी घेऊनच बाहेर यायची.

"अगं म्हणा," मी सांगितलं.

"ह्या डबड्याला अगं म्हणू का मी?" अप्पा फोनकडं बघत म्हणाले. दोनतीनदा प्रयत्न केला. नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसासारखं निघालं. ते लाजले. म्हातारपणी बाप लेकीसमोर लाजतोय, हे बघून मीच दुसरीकडं तोंड केलं.

मग मी म्हटलं राहू द्या, आणि फोन तसाच चालू ठेवून गप्प बसले. थोडा वेळ गेला. अप्पा खिडकीकडं बघत बसले होते. आणि एकदम, माझ्याशी काही संबंध नसल्यासारखं, त्यांनी हाक मारली. "अगं."

आतून कुकरच्या आवाजातूनच आई ओरडली, "व्हय, आले आले." हात पुसत बाहेर आली. "काय पायजे?"

"काय नाय."

"मंग कशाला बोलावलं?"

"असंच," अप्पा म्हणाले.

"असंच म्हणून कुणी हाक मारतं का? माझा कुकर हाय तिकडं," असं म्हणून आई परत गेली. फोन चालू आहे हे तिला माहीतही नव्हतं. मी बटण दाबून थांबवलं. ह्या फाईलला मी नाव दिलं, अगं.

ऑपरेशन झालं. अप्पा वाचले. गळ्याशी भोक, त्यावर पांढरी जाळी, आणि तोंडातून शब्द नाही. दवाखान्यानं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यांनी ते एकदा लावलं, मिक्सरमधून बोलल्यासारखा घर्रघर्र आवाज आला, आणि त्यांनी ते कपाटात कपड्यांखाली सारून दिलं. मग पाटी आली, लहान पोरांची असते तसली, लिहा आणि पुसा. पण पाटी समोरच्या माणसासाठी. स्वयंपाकघरातल्या माणसाला पाटी कशी दिसणार? तेव्हा अप्पा स्टीलचा ग्लास पलंगाच्या कठड्यावर आपटायचे. टण टण. आई यायची. तिनं तक्रार अशी कधी केली नाही. एकदाच मला फोनवर म्हणाली, "भांडं वाजवून बोलावतेत मला. मांजरीला दूध ठेवल्यावाणी."

माझा धाकटा भाऊ पुण्याला मोबाईलची ॲप बनवायचं काम करतो. त्यानं एक चांगली शक्कल लढवली. एक टॅबलेट घ्यायचा, त्यावर मोठी मोठी बटणं करायची, आणि अप्पांनी बटण दाबलं की त्यांच्याच आवाजातलं ते वाक्य वाजेल. चहाचं बटण, टीव्हीचं बटण, नाय म्हंजे नायचं बटण. आईला हे सांगितलं तर ती पहिल्यांदा विचारते काय, "त्यात माझी हाक हाय ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग बाकी काय नसलं तरी चालंल. मला हाक मारता आली पायजे त्यायला."

हे तिनं इतकं साधेपणानं म्हटलं, की त्यावर मी काहीतरी थट्टाच केली. काय केली ते आठवत नाही. आठवत नाही तेच बरं आहे.

आता माझं काम सांगते, म्हणजे चूक कळेल. कंपनीत दिवसभर मशीनं नोंदी करत असतात, त्यांच्या ढीगभर फाईली होतात. त्या सगळ्या एकत्र बांधून, दाबून, लहान करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायच्या, हे माझ्या कामातलं एक काम. ते माउसनं करत नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहितात. टार नावाची आज्ञा आहे, ती म्हणजे गाठोडं बांधणारी बाई समजा. तिला पुढं काही अक्षरं सांगायची. सी म्हणजे नवं गाठोडं बांध. झेड म्हणजे बांधून झाल्यावर दाबून बस, जागा कमी लागू दे. एफ म्हणजे आता मी गाठोड्याचं नाव सांगते, ते घे. मग नाव. आणि नावानंतर आत काय काय घालायचं त्या फाईली. कंपनीत आलेल्या नव्या पोरांना मी हेच घोकून घ्यायला लावते, आधी गाठोड्याचं नाव, मग आतले कपडे. एका पोरीनं उलटं लिहिलं होतं तर तिला सगळ्यांसमोर इतकं बोलले होते की ती दुपारचं जेवायला आली नाही.

आणखी एक मी सगळ्यांना सांगते. कुठलीही महत्त्वाची गोष्ट दोन ठिकाणी ठेवा. आणि अप्पांच्या फाईली? फोन भरला होता, नवे फोटो निघेनात, म्हणून मी त्या लॅपटॉपवर घेतल्या. कॉपी नाही केल्या. कट केल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी गत.

भावाचा फोन रविवारी सकाळी आला. म्हणाला, "ताई, बटणं तयार आहेत, फक्त आवाज पाहिजेत. सुट्या सुट्या पाठवू नको, सगळ्या एकत्र करून झिप कर. सगळ्या सिलेक्ट करायच्या आणि राइट क्लिक. जमेल ना?"

जमेल ना. ह्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मला विचारतो जमेल ना. मी त्याला म्हटलं, "अरे, तू चड्डीत होतास तेव्हापासून मी हे करते." तो हसला, म्हणाला चिडू नको. मी फोन ठेवला, लॅपटॉप उघडला, आणि ह्याला दाखवतेच म्हणून माउसला हात न लावता काळा पडदा उघडला. दातओठ खाऊन टाईप केलं. टार, सी, झेड, एफ, आणि मग चांदणी. चांदणी म्हणजे ह्या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली. एंटर.

नाव द्यायचं राहिलं.

चांदणी टारला चांदणी म्हणून दिसत नाही. पडदा तिला आधीच उलगडतो आणि तिच्या जागी सगळ्या फाईलींची नावं ओळीनं मांडतो. ओळ वर्णक्रमानं. सगळ्यात पुढं अ. अ मध्ये दोन होत्या, अगं आणि अरे. ग हा र च्या आधी येतो. म्हणजे टारला असं ऐकू गेलं, की गाठोड्याचं नाव अगं आणि बाकीचे सगळे आतले कपडे. तिनं सांगितल्याप्रमाणं केलं. अगं नावाची फाईल रिकामी केली आणि बाकीचं सगळं तिच्यात बांधून, दाबून, वर तेच नाव राहू दिलं. विचारलं काहीच नाही. ती विचारत नाही, हे मला माहीत होतं. भावाचं अरे एका अक्षरानं वाचलं.

मी गाठोडं शोधायला लागले. कुठंच दिसेना. मग फाईलींची यादी काढली तर अगं एवढीशी होती ती फुगून सगळ्यांत मोठी झालेली. हे बघितलं आणि मला त्याच क्षणी कळलं. वाजवून बघितली, तर फाईल उघडता येत नाही असं आलं. गाठोडं म्हणून सोडून बघितली, तर चहा टाक, कोण आलंय, आली का माय, अरे, सगळे आतून नीट बाहेर आले. अगं तेवढी आली नाही. चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

आणि खरं सांगू का, दाबायची गरजच नव्हती. फोनमधलं रेकॉर्डिंग आधीच दाबलेलं असतं. पिळलेला टॉवेल परत पिळल्यासारखं, थेंबभर जागा वाचत नाही. मला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पेनड्राईव्हवर टाकून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातानं पुण्याला पाठवलं असतं तरी काम झालं असतं. मी केलं ते फक्त सवयीनं आणि तोऱ्यानं.

फोनचा कचरा कधीच रिकामा झालेला होता. कंपनीतला एकजण पुसलेलं परत काढण्यात हुशार आहे, त्याला लॅपटॉप दिला. त्यानं बरंच करून बघितलं आणि म्हणाला, मॅडम, त्या जागेवर आता काहीच नाही. मला ते आधीच माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं माणसाला.

भावाला सांगितलं तर त्यानं आधी मी टाईप केलेली ओळ मला वाचून दाखवायला लावली. मग म्हणाला, "अगं ताई." एवढंच. त्यानंतर मला जिकडंतिकडं अगं ऐकू यायला लागलं. बजाजनगरच्या भाजी बाजारात, कंपनीच्या बसमध्ये, शेजारच्या घरात. एका सकाळी माझ्या नवऱ्यानं सहज म्हटलं, "अगं, माझा डबा," आणि मी त्याच्या अंगावर धावून गेले, की मला नाव नाही का. तो बिचारा डबा न घेताच गेला.

आईअप्पांना सांगायला मी पुढचा रविवार येऊ दिला. सांगितलं मात्र सरळ. आईला आधी कळेना. मी गाठोड्याचं उदाहरण दिलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाकीच्या हायेत ना?"

"आहेत."

"तुझी हाय ना? माय म्हणलेली?"

"आहे."

"मंग झालं की. माझं काय एवढं."

माझं काय एवढं. ह्यापेक्षा तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले तरी असते. अप्पांकडं बघितलं. पूर्वीचे अप्पा असते तर सिडकोतून वाळूजला ऐकू जाईल असे ओरडले असते. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "होतं असं." मग ते पुसून लिहिलं, "जेवून जा." मी जेवले नाही. भूक नाही म्हणाले. वांग्याची भाजी माझ्यासाठी केलेली होती.

मग आम्ही दोघा भावंडांनी जुने व्हिडिओ काढले. भावाचं लग्न, माझ्या पोराचं बारसं, वास्तुशांत. सगळीकडं अप्पांचा आवाज होता. आचाऱ्याला बोलतायत, बँडवाल्याला थांबवतायत, पाहुण्यांना पंगतीला बसवतायत. आईला हाक मारलेली कुठंच नाही. एका ठिकाणी ते तोंड वळवून अग एवढं म्हणाले आणि पुढचं डीजेनं खाल्लं. ते तेवढं मी कितीदा ऐकलं असेल. कार्यात, चार लोकांत आईला ते हाकच मारायचे नाहीत, हे मला तेव्हा कळलं. अगं हा घरातला शब्द होता, तो मांडवात यायचा नाही.

शेवटी भाऊ म्हणाला की उरलेल्या फाईलींवरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज तयार करू शकतो. कुठलाही शब्द लिहा, त्यांच्या आवाजात म्हणून दाखवेल. तो सुट्टी काढून टॅबलेट घेऊन आला. मीही गेले. आधी खरी बटणं लावली. अप्पांनी "चहा टाक" दाबलं आणि घरात त्यांचा आवाज आला. खरखरीत, चिडका. आईनं तोंडाला पदर लावला, आणि रडत रडत चहा टाकायला उठली. मग अप्पांनी "नाय म्हंजे नाय" दाबलं, परत दाबलं, परत दाबलं. लहान पोराला नवं खेळणं मिळाल्यासारखे दाबत सुटले. मग माझ्याकडं बघून "आली का माय" दाबलं. मी मान खाली घातली. माझी हाक मला मिळाली होती, आणि तिची मी घालवली होती, आणि तिनंच केलेला चहा माझ्या पुढ्यात होता.

भाऊ म्हणाला, "आता हे ऐका." आणि त्यानं तयार केलेलं अगं वाजवलं.

आवाज अप्पांचा होता. कुणीही म्हटलं असतं अप्पांचाच आहे. पण तो कुणालाच हाक मारत नव्हता. शुद्ध, स्वच्छ, बातम्या सांगितल्यासारखं अगं. त्यात ना पाणी पाहिजे होतं, ना पाहुणे आले होते. अप्पांनी परत लावायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मान हलवली. पाटीवर लिहिलं, "हा मी नाय."

भावानं जरा लांबवलं, जरा दाबलं, खरखर वाढवली. प्रत्येक वेळी अप्पांची मान तशीच. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "चांगलं हाय की. मला तर तसंच वाटतंय." ती खोटं बोलत होती आणि ते माझ्यासाठी बोलत होती. माझ्याकडं न बघता ती आत गेली, त्यावरनं मला कळलं.

ती गेल्यावर अप्पांनी पाटी पुसली आणि बराच वेळ लिहीत बसले. लिहिलं होतं, "अगं माझं हाय. मशीनला म्हणू देऊ नका."

"मग आईला हाक कशी मारणार तुम्ही?" भावानं विचारलं. "ग्लासच वाजवायचा का?"

अप्पांनी थोडा विचार केला. पाटी पुसली. आणि तिच्यावर आईचं नाव लिहिलं. आमच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या हातचं ते नाव आम्ही पहिल्यांदा बघत होतो. अक्षर मोंढ्यातलंच, तिरकं, घाईचं, पण ह्या नावावर ते जरा सावकाश गेले होते. ते नाव मी इथं लिहीत नाही. खाली त्यांनी लिहिलं, "मशीनला हे म्हणू द्या."

मला नको म्हणायचं होतं. पण मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार? ज्या हातानं मूळचं घालवलं त्या हाताला दुसरं नाकारायचा काय हक्क? भावानं नाव टाईप केलं, बटण केलं, बटणाला हिरवा रंग दिला. म्हणाला, "चांगलं आहे उलट. आईला नावानं बोलावलं कुणी आजवर?" तो मनापासून म्हणाला. पुण्यात त्याची बायको त्याला आणि तो तिला नावानंच बोलावतो.

दुपारी आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज येत होता. अप्पांनी मांडीवरचा टॅबलेट सरळ केला, आमच्या दोघांकडं बघितलं आणि हिरवं बटण दाबलं. आईचं नाव घरात मोठ्यानं वाजलं. पूर्ण नाव, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं.

भाकरीचा आवाज थांबला. गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. आई पदराला हात पुसत, डोक्यावरून पदर नीट करत बाहेर आली. अप्पांच्या पलंगाजवळून गेली, आमच्या पुढून गेली, आणि सरळ पुढचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. जिन्यात डोकावली. अप्पांनी परत बटण दाबलं. ती आणखी पुढं वाकली आणि जिन्याखाली बघून म्हणाली, "कोण हाय? या की वर, घरीच हाय मी."

भाऊ टॅबलेटकडं बघत राहिला. अप्पांनी बोट बटणावरून काढून घेतलं. कुणीतरी तिला सांगायला पाहिजे होतं, आणि ते कुणी सांगायचं ह्याबद्दल त्या खोलीत कुणाला शंका नव्हती.

"आई," मी म्हटलं, "बाहेर कुणी नाही. घरातूनच हाक मारली."

ती वळली. हाताला पीठ होतं. माझ्याकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि अप्पांकडं न बघताच मला विचारलं, "घरात मला नावानं हाक मारणारं कोण हाय, माय?"